जनावराने काय खाल्ले?

गवत खाल्लेल्या जनावराचे मांस प्रकृतीला चांगले असते, हे ज्ञान श्रीमंत जगाला अलीकडे झाले आहे. आमची एक भाची न्यू जर्सीत असते. मागे एकदा फोनवर मोठ्या कौतुकाने सांगत होती, "मामू, आम्ही आता फक्त ग्रास-फेड बीफ आणतो. महाग पडतं, पण पोरांच्या तब्येतीला चांगलं." आम्ही विचारले, म्हणजे नेमके काय? म्हणाली, "म्हणजे गवत खाल्लेलं जनावर." आम्ही क्षणभर गप्प झालो. मग न राहवून विचारले, "अगं, मग तिकडची बाकीची जनावरं काय खातात?"

भाची हसली. आम्हीही हसलो. पण फोन ठेवल्यावर तो प्रश्न आमच्याच अंगावर उलटला. आमच्या गल्लीतल्या दुकानातून आम्ही जे मोठ्याचे गोश्त वर्षानुवर्षे आणतो, त्या जनावराने काय खाल्ले होते, हे आम्ही कधी विचारले आहे काय? जबह कोणी केले, बिस्मिल्ला म्हटले की नाही, हे विचारले. हाड किती, चरबी किती, याच्यावर हुज्जत घातली. पण जनावर कुठे वाढले, काय चरले, आजारी होते की धडधाकट, हे विचारायचे आमच्या कधी मनातही आले नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. तो आम्ही का विचारत नाही, आणि आम्हांला का विचारू दिला जात नाही, या दोन्ही गोष्टी आज सांगायच्या आहेत.

आधी अमेरिकेचे प्रकरण समजून घेऊ. तिथे मांसासाठी पाळलेले जनावर सुरुवातीचे महिने कुरणातच काढते. मग त्याला हजारो जनावरे कोंडलेल्या आवारात आणतात आणि अखेरचे चार-सहा महिने मका व इतर धान्य चारून झपाट्याने लठ्ठ करतात. मांसात चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा उमटल्या की दर चढा. रवंथ करणाऱ्या प्राण्याचे पोट गवत पचवण्यासाठी घडलेले असते. त्यात धान्याचा मारा झाला की पोटात आम्ल वाढते, जनावर दुखण्याला येते, मग औषधे आली. या साऱ्याला विटलेल्या गिऱ्हाइकाने गवताचा आग्रह धरला आणि व्यापाऱ्याने त्या आग्रहाचे लेबल केले. अमेरिकेच्या कृषी खात्याने या दाव्यासाठी २००७ साली स्वतःचा निकष जाहीर केला आणि जानेवारी २०१६ मध्ये तो मागे घेतला. निकष गेला, लेबल राहिले, किंमतही राहिली.

मग या दाव्यात तथ्य काहीच नाही काय? आहे. ते नीट सांगितले पाहिजे, कारण आमच्यातले काही उत्साही लोक ते फुगवून सांगतात आणि आमचे विरोधक ते ऐकूनच घेत नाहीत.

हिरव्या गवतात ओमेगा-३ जातीचे एक स्निग्धाम्ल असते. मक्यात ओमेगा-६ जातीचे जास्त. जनावराच्या पोटातले जंतू या स्निग्धाम्लांचे बरेचसे रूप पालटून टाकतात, तरी थोडा अंश निसटून मांसातल्या चरबीत जातो. म्हणून गवतावरच्या जनावराची चरबी वेगळी. २०१० साली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या सिंथिया डेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन दशकांतल्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे प्रमाण गवतावरच्या जनावरांत सरासरी दीडास एक आढळले, तर धान्यावरच्या जनावरांत साडेसातास एकहून थोडे अधिक. याखेरीज गवतावरच्या मांसात एकूण चरबी कमी, ई जीवनसत्त्व जास्त, कॅरोटिन जास्त. कॅरोटिनमुळे अशा गाई-बैलांच्या चरबीवर पिवळसर छटा येते आणि तिकडचे जाणकार गिऱ्हाईक ती छटा पाहून सौदा करते.

इथे आमच्या भगिनींनी गोंधळून जाऊ नये. म्हशीची चरबी पांढरीच असते, तिने कितीही हिरवे खाल्ले तरी. म्हैस गवतातले कॅरोटिन स्वतःच्या अंगात अ जीवनसत्त्वात बदलून घेते; म्हणून तिचे लोणी पांढरे आणि गाईचे पिवळे. तेव्हा अमेरिकेतली पिवळ्या चरबीची खूण वाचून कोणी आमच्या कुरेशी चाचांशी भांडायला जाऊ नये.

आता नाण्याची दुसरी बाजू. हे प्रमाण कितीही सुधारले तरी मांसातले ओमेगा-३ मुळातच थोडे. शंभर ग्रॅम मांसात ते मिलिग्रॅमात मोजावे लागते. आमच्या कोकणातल्या बांगड्यात नि तारलीत ते कितीतरी पटीने जास्त, आणि मुख्य म्हणजे शरीराला सरळ वापरता येईल अशा रूपात. ज्याला ओमेगा-३ हवे त्याने रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या बाजारात जावे, न्यू जर्सीच्या नव्हे. आणि गवत खाल्ल्याने तांबड्या मांसाचे सगळे दोष धुऊन निघतात, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये तांबडे मांस 'बहुधा कर्करोगकारक' आणि खारवलेले, धुरावलेले, प्रक्रिया केलेले मांस 'कर्करोगकारक' अशा वर्गांत टाकले. त्या वर्गीकरणात गवतावरच्या जनावराला वेगळी सवलत नाही. शिजवलेले तांबडे मांस आठवड्याला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या पलीकडे जाऊ नये, असे जागतिक कर्करोग संशोधन निधीचे सांगणे आहे. आमच्या लग्नाच्या दावतीत काही मंडळी आठवड्याचा हा हिशेब एका बैठकीत पुरा करतात.

मग गोश्तचा खरा फायदा कोणता? तो सरळ आणि जुना आहे. चरबी काढलेल्या शंभर ग्रॅम गोश्तमध्ये सुमारे वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. बी-१२ जीवनसत्त्वाची प्रौढ माणसाची दिवसाची गरज जवळपास भागते, आणि हे जीवनसत्त्व कुठल्याही धान्यात, डाळीत, भाजीत नसते. जस्त मिळते. आणि लोह मिळते. गोश्तमधल्या लोहाचा निम्म्याच्या आसपास भाग असा असतो की तो शरीर चटकन शोषून घेते; पालेभाजीतल्या नि डाळीतल्या लोहाचे तसे नाही. एवढेच नव्हे, ताटात थोडे गोश्त असले तर त्याच ताटातल्या डाळीचे लोहसुद्धा अधिक अंगी लागते. दालचा करणाऱ्या आमच्या नान्या-दाद्यांनी आहारशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते. पण चण्याची डाळ, दुधी, चिंच आणि हाडाचे चार तुकडे एका पातेल्यात घालताना त्या जे करीत होत्या, त्याला आज शास्त्राचा पाठिंबा आहे.

हे सारे फायदे जनावर गवतावरचे असो की कडब्यावरचे, जवळपास सारखेच मिळतात. श्रीमंताच्या लेबलाने त्यांत फारशी भर पडत नाही. गरिबाच्या गल्लीतल्या गोश्तमध्येही ते आहेतच. म्हणूनच आम्हांला राग येतो. ज्या वस्तूला परदेशात आरोग्याचे लेबल लावून दामदुप्पट दर येतो, ती वस्तू इथे शरमेने काळ्या पिशवीत लपवून न्यावी लागते. जी गोष्ट तिकडे डॉक्टरच्या सल्ल्याने खातात, ती इकडे 'तामसी', 'रोगट', 'माथे भडकवणारी' ठरते. गोश्त खाल्ल्याने माणूस हिंसक होतो, असे म्हणणाऱ्या सुशिक्षितांना आम्ही नम्रपणे विचारतो, माथे भडकलेल्या झुंडी रस्त्यात ट्रक अडवून उभ्या राहतात, त्यांनी सकाळी काय खाल्लेले असते?

आमच्या जनावरांनी काय खाल्ले, ते आता पाहू. इथे आपलीच पाठ थोपटून घेण्याचा मोह आवरला पाहिजे. आपल्याकडे मका चारून जनावर लठ्ठ करण्याचा कारखाना नाही, हे खरे. मराठवाड्यातली म्हैस ज्वारीचा कडबा खाते, कोकणातली भाताचा पेंढा आणि पावसाळ्यात डोंगरावरचे गवत, पश्चिम महाराष्ट्रातली उसाचे वाढे. बांधावर चरते. ही आमची पुण्याई नव्हे, गरिबी आहे. धान्य माणसालाच पुरत नव्हते, जनावराला कोण घालणार? पण त्या गरिबीतून एक शहाणपण आपोआप निपजले. जे माणसाला पचत नाही ते गवत नि कडबा जनावराने खावा आणि त्याचे दूध, शेण, कष्ट व शेवटी मांस माणसाला द्यावे, ही या देशातली जुनी व्यवस्था. म्हैस भाकड झाली की शेतकरी ती बाजारात आणी, आलेल्या पैशांत थोडी भर घालून दुभती घेई. खाटीक हा त्या व्यवस्थेतला शेवटचा दुवा होता, शत्रू नव्हे.

परंतु वाळलेला कडबा म्हणजे हिरवे गवत नव्हे. ओमेगा-३ आणि कॅरोटिन यांचा साठा हिरव्या पाल्यात असतो. उन्हाळ्यात सुकलेल्या काड्या चघळणाऱ्या म्हशीला अमेरिकेतल्या कुरणाचे आकडे चिकटवणे ही फसवणूक होईल. शहराच्या तबेल्यातली म्हैस तर पेंड, चुणी आणि भुश्शावर असते. पेंडीला बुरशी लागली तर तिचे विष दुधात नि मांसात उतरते. आणि उकिरड्यावर प्लास्टिकच्या पिशव्या चघळत उभे असलेले मोकाट जनावर कोणत्या कुरणातले? त्याच्या पोटातून किलोकिलोने प्लास्टिक काढल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

जनावराच्या पोटात जाते ते खाणाऱ्याच्या पोटात येते, याचा सर्वांत भयंकर पुरावा आपल्याच देशाने पाहिला आहे. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि नव्वदच्या दशकापासून गिधाडांच्या जातीच्या जाती नामशेष होण्याच्या कडेला आल्या. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडांना लेबल वाचता येत नव्हते. माणसाला वाचता येते, पण वाचायला लेबल तर हवे.

इथे कायद्याचा विषय टाळता येत नाही. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होतीच. त्यात वळू आणि बैल यांचा समावेश करणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली मंजूर केली आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये ती लागू झाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. मात्र परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणसाने आपल्या घरात काय खावे हा त्याच्या खासगीपणाचा भाग आहे, अशी त्या निकालाची दिशा होती. म्हशी आणि रेडकांची कत्तल दाखला घेऊन करता येते. म्हणजे आज आमच्या गल्लीत मोठ्याचे म्हणून जे विकले जाते ते म्हशीचे आहे, कायदेशीर आहे. आम्ही कायदा पाळतो आणि पाळला पाहिजे, यात आमच्या मनात किंतु नाही.

पण कायद्याच्या चर्चेत पोषणाचा मुद्दा कुठे गेला, तेही पाहा. १९५८ साली मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाई-वासरांच्या कत्तलीवरची बंदी उचलून धरली, पण निरुपयोगी झालेल्या बैलांच्या व म्हशींच्या सरसकट बंदीला नकार दिला. मोठ्याचे मांस हे स्वस्त असल्यामुळे गरीब वर्गाचे अन्न आहे, ही गोष्ट त्या न्यायालयाने विचारात घेतली होती. २००५ साली गुजरातच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो जुना विचार बदलला. प्रथिनांचे इतर मार्ग उपलब्ध आहेत, असे तेव्हा म्हटले गेले. न्यायालयाचा मान राखून आम्ही एवढेच म्हणू की, मार्ग उपलब्ध असणे आणि तो परवडणे यांत अंतर आहे. ते अंतर रोजंदारीवरची बाई रोज चालते. डाळीचा भाव, अंड्याचा भाव, बकऱ्याच्या मटणाचा भाव तिला विचारा.

आणि हे फक्त मुसलमानांचे दुखणे आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांतल्या चुलींची आठवण करावी. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. ज्या अन्नाला स्वयंपाकाच्या पुस्तकांत कधीच पान मिळाले नव्हते, त्याची ती नोंद आहे. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या पावसाळ्याच्या उपासमारीत घराला तारून नेत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही मोठ्याच्या मांसाचे पदार्थ सणाचे आहेत. तेव्हा ताट हा धर्माचा प्रश्न करून टाकला की गरिबीचा प्रश्न अलगद बाजूला पडतो, आणि ज्यांना तो बाजूला पडायला हवाच असतो त्यांचे फावते.

गंमत पाहा. हाच देश म्हशीचे हाडे काढलेले, गोठवलेले मांस व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इंडोनेशियाला पाठवतो आणि गेली काही वर्षे त्यातून तीन ते चार अब्ज डॉलर मिळवतो. त्या निर्यातीच्या कत्तलखान्यांत पशुवैद्य असतो, थंडघर असते, प्रत्येक खोक्यावर शिक्का असतो. कैरोतल्या गिऱ्हाइकाला जी खात्री मिळते ती कुर्ल्याच्या, मालेगावच्या, परभणीच्या गिऱ्हाइकाला का मिळू नये? परदेशी माणसाचे पोट जास्त नाजूक आहे काय?

याचे उत्तर भीतीत आहे. कागदपत्रे असूनही गाडी अडवली जाते, जनावरे उतरवली जातात, ड्रायव्हरला मार बसतो. २०२५च्या पावसाळ्यात राज्याच्या अनेक भागांत कुरेशी बिरादरीने या जाचाला कंटाळून जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा आठवडी बाजार ओस पडले आणि भाकड म्हैस घेऊन उभा राहिलेला शेतकरी हात हलवत परतला. तो शेतकरी बहुतेक ठिकाणी हिंदूच होता. धंदा उजेडात चालला तर जनावर कुठून आले, काय खाल्ले, कोणते औषध दिले, डॉक्टरने तपासले की नाही, हे विचारता येते. धंदा अंधारात ढकलला की यातले काहीच विचारता येत नाही. रात्री कुठल्यातरी शेडमध्ये कापलेल्या जनावराच्या फुप्फुसात क्षयाच्या गाठी होत्या की यकृतात जंताच्या, हे कोण पाहणार? ज्यांना लोकांच्या आरोग्याची चिंता आहे असे ते सांगतात, त्यांनीच तपासणीची वाट बंद केली आहे.

इथवर वाचून आमच्या बिरादरीतले वाचक माना डोलवत असतील. त्यांनी आता थोडे थांबावे. पुढचा भाग त्यांच्यासाठी आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्ताचे प्रमाण कमी आढळले. पुरुषांत तेच २५ टक्के. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत ६७ टक्के. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, पाळी, बाळंतपणे, जंत, हे आम्हांला ठाऊक आहे. पण आमच्या मोहल्ल्यातल्या दवाखान्यापुढे पांढऱ्याफटक चेहऱ्याच्या ज्या बाया ओळीने बसलेल्या असतात, त्यांच्या घरात आठवड्यातून दोन-तीनदा गोश्त शिजते. मग लोह जाते कुठे?

दस्तरखानावर बघा, म्हणजे कळेल. आधी घरातले पुरुष बसतात. बोट्या त्यांच्या ताटात. मग मुलगे. मग मुली. शेवटी जिने दोन तास चुलीपुढे उभे राहून सालन केले ती बसते, तेव्हा पातेल्यात शोरबा आणि बटाटा उरलेला असतो. वर ती म्हणते, "मला गोश्त आवडतच नाही." आमच्या अम्मीही हेच म्हणायच्या, आणि आम्ही ते चाळीस वर्षे खरे मानले. त्या अखेरच्या आजारात डॉक्टरने सक्तीने कलेजी खायला सांगितली, तेव्हा त्यांनी ज्या चवीने ती खाल्ली ते पाहून आमची मान खाली गेली. त्यांना आवडत होते. फक्त पुरत नव्हते.

गवतावरचे जनावर असो की कडब्यावरचे, त्याचे गुण बोटीत असतात. आणि बोटी ज्याच्या ताटात जाते त्यालाच ते मिळतात. दिवसाला लोहाची गरज बाईला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरवले आहे. आमच्या घरात वाटप याच्या नेमके उलट. याला शासन जबाबदार नाही, झुंड जबाबदार नाही, न्यायालय जबाबदार नाही. याला आम्ही जबाबदार आहोत.

दुसरी गोष्ट शिजवण्याची. चरबीविना मोठ्याचे गोश्त हे मुळात हलके अन्न. म्हशीच्या मांसात तर चरबी कमीच असते. आम्ही त्यात वाटीवाटीने वनस्पती तूप ओततो, तर्री वर आली नाही तर सालन झाले असे मानत नाही, आणि मग मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचे खापर गोश्तवर फोडतो. जेवणावर लगेच कडक चहा घेतो; तो चहा अन्नातले लोह अडवतो. लिंबू पिळले, सोबत कांदा-कोशिंबीर घेतली तर तेच लोह अधिक अंगी लागते, पण कोशिंबीर हे आमच्यात बकरीचे खाणे समजले जाते. कलेजीत लोह साध्या बोटीच्या दुपटीच्या आसपास, पण ती स्वस्त म्हणून पाहुण्यांपुढे ठेवायची लाज. आठवड्यातून एकदा घरातल्या मुलींना ती मिळावी. फक्त गरोदरपणात डॉक्टरला विचारून, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. आमच्या दीनमध्ये अन्नाला दोन अटी आहेत. ते हलाल असावे आणि तय्यबही असावे. तय्यब म्हणजे स्वच्छ, निर्मळ, अंगाला हितकारक. पहिल्या अटीबद्दल आम्ही इतके दक्ष की परगावी हॉटेलात बसताना तीनदा विचारतो. दुसरी अट आम्ही विसरून गेलो आहोत. माश्या बसलेले, उघड्या गटारावर टांगलेले, धूळ खाल्लेले गोश्त आम्ही निमूट घेतो, कारण ते हलाल आहे. जनावराला मरण्याआधी तीन दिवस उपाशी, गाडीत एकावर एक कोंबून आणले, तरी सुरी बिस्मिल्लाने फिरली म्हणजे झाले. हे कसले पालन? जनावराशी भलेपणाने वागा, ही शिकवण तर जबहच्या आधीपासून सुरू होते. न्यू जर्सीतली आमची भाची 'हलाल' आणि 'ग्रास-फेड' अशी दोन लेबले एका पाकिटावर पाहून ते विकत घेते. तिला माहीत नसेल, पण ती आपल्याच घरची विसरलेली अट परदेशात दाम मोजून परत आणते आहे.

तेव्हा आम्हांला काय हवे, ते स्पष्ट सांगतो.

शासनाकडून आम्हांला मेहेरबानी नको. प्रत्येक मोठ्या शहरात आणि तालुक्यात नगरपालिकेचा स्वच्छ कत्तलखाना हवा, तिथे पशुवैद्य हवा, पाणी हवे, शिक्का हवा. कागदपत्रे घेऊन निघालेली गाडी निर्धास्त पोचली पाहिजे आणि ती अडवणाऱ्याला कायदा दिसला पाहिजे. तबेल्यांत नर रेडकू जन्मले की त्याला दूध नाकारून मरू देतात. ती रेडके गवतावर वाढवण्याचा जोडधंदा कोरडवाहू शेतकऱ्याला दिला, तर जनावराची उपासमार टळेल, शेतकऱ्याला पैसा मिळेल आणि गरिबाला कोवळे, स्वस्त, खरोखरच चराऊ मांस मिळेल. गायरानांवरची अतिक्रमणे उठवा. गवतच राहिले नाही तर गवतावरचे जनावर कुठून येणार? गोरक्षणाच्या गोष्टी करणाऱ्यांनी आधी गायरान रक्षावे, त्यात आम्ही खांद्याला खांदा लावून येऊ.

आमच्या कुरेशी बांधवांकडून हवी ती जाळीची कपाटे, हातमोजे आणि खरे उत्तर. म्हैस कुठल्या बाजारातली, गाभण तर नव्हती, तिला अलीकडे इंजेक्शने दिली होती काय, हे गिऱ्हाइकाने विचारले तर रागावू नका. या प्रश्नाने तुमच्या धंद्याची इज्जत वाढणार आहे.

शाकाहारी मित्रांना सांगणे एवढेच: तुमच्या ताटाचा आम्ही आदर करतो. भाजी-भाकरीवर निरोगी राहता येते, हे आम्ही नाकारत नाही. आमच्या ताटाकडे पाहून नाक मुरडण्याआधी तुम्हीही एकदा विचारा की, तुमच्या घरी रोज येणाऱ्या दुधाच्या म्हशीचे पुढे काय झाले आणि तिचा रेडकू कुठे गेला. दूध पिणारा आणि गोश्त खाणारा, दोघे एकाच गोठ्यातून जेवतात.

आणि शेवटची मागणी आमच्या स्वतःकडे. या बकरी ईदला, पुढच्या जुम्याला, किंवा आज रात्रीच, पातेले दस्तरखानावर आले की पहिली बोटी बाईच्या ताटात वाढावी. तिने "मला आवडत नाही" म्हटले तरी वाढावी. अमेरिकेतल्या लेबलाचा वाद त्यानंतर घालू; जनावराने काय खाल्ले हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, तो आम्ही विचारीत राहू. पण त्या आधी आमच्या घरातल्या बाईने काय खाल्ले, याचे उत्तर आम्हांला द्यावे लागेल.